न सांगता हलवलेले सामान

वांगणीत राहणाऱ्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. अंध माणसाच्या घरात गेलो तर खुर्ची जिथे होती तिथेच ठेवावी. बदलापूरच्या पुढचे हे आमचे स्टेशन. इथे अनेक अंध कुटुंबे राहतात. लोकलमध्ये कंगवे, पाकिटे, मोबाइलची कव्हरे विकून कित्येकांचा संसार चालतो. १७ एप्रिल २०२१ रोजी रुळावर पडलेल्या लहानग्याला समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी उचलून वर ढकलले, ते याच स्टेशनात. त्या मुलाची आईही दृष्टिहीन. तेव्हा वांगणीचे नाव देशभर गेले. एवढ्या वर्षांच्या शेजारानंतरही आम्ही खुर्ची हलवलीच. मात्र ती कॉम्प्युटरमधली होती.

आमच्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे आणि त्यावर लिनक्स चालते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: विंडोजप्रमाणेच कॉम्प्युटर चालवणारी ही यंत्रणा, पण फुकट मिळणारी, आणि तिचा कोड कोणालाही वाचता येतो, बदलताही येतो. शाळेच्या उर्दू-मराठी प्रश्नपत्रिका आम्ही त्यावरच करतो. शेजारचा एक तरुण वर्षभर मगरिबनंतर आमच्याकडे टायपिंग शिकायला येतो. तो दिवसा गाडीत माल विकतो. त्याला टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी अर्ज करायचे आहेत, आणि ते दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायचे नाहीत. ‘ऑर्का’ नावाचा प्रोग्रॅम स्क्रीनवरचे वाचून दाखवतो, तो ऐकतो आणि बटणे दाबतो. माऊसला हातही लावत नाही. ऑल्ट आणि एफ-वन दाबले की मेनू उघडणार, मग किती वेळा खाली आणि किती वेळा उजवीकडे, हे त्याच्या बोटांना पाठ.

सुट्टीत आमच्या थोरल्याने जुने काढून नवे लिनक्स टाकले. आम्हीच हो म्हटले होते. खालची पट्टी गेली, मेनू गेला, सगळी स्क्रीन मोकळी दिसू लागली. त्या संध्याकाळी तो आला, खुर्चीवर बसला, नेहमीची बटणे दाबली. आवाज नाही. पुन्हा दाबली.

“सर, मशीन बिघडलं का?”

“नाही रे, नवं केलंय. किती छान दिसतंय बघ.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. तो हसला, थोडा वेळ बसला आणि उठून गेला. मग आठ दिवस आलाच नाही.

नवव्या दिवशी आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. त्याच्या अम्मीने चहा ठेवला. तो म्हणाला, “मशीन तुमचं आहे सर, बदला की. पण आधी सांगायचं होतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. इतके महिने शिकून एवढंही येत नाही.”

वर्गात आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. पद्धत बदलली की हुशार मूलही स्वतःलाच मठ्ठ समजू लागते. मोठ्यांचेही तसेच होते, पण मोठे बोलत नाहीत, येणे बंद करतात.

ही तक्रार जगात जुनी आहे. लिनक्सवर ‘ग्नोम’ नावाचा डेस्कटॉप लाखो लोक वापरतात. एप्रिल २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली तेव्हा करणाऱ्यांनी ओळखीची पट्टी आणि मेनू काढून संपूर्ण मांडणी नव्याने केली. लक्ष विचलित होऊ नये, लहान स्क्रीनवरही जागा पुरावी, असा त्यांचा हेतू होता. पण मोठा गदारोळ झाला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही जाहीर नाराजी दाखवून काही काळ दुसरा डेस्कटॉप वापरला. त्याच महिन्यात उबुंटूनेही आपला वेगळा ‘युनिटी’ डेस्कटॉप सर्वांना दिला आणि २०१७ मध्ये तो सोडून पुन्हा ग्नोमकडे वळले. डोळस लोक चिडले, पण शोधून शोधून शिकले. अंध वापरणाऱ्यांची अडचण वेगळी होती. सुरुवातीला नवी मांडणी ऑर्काला नीट वाचताच येत नव्हती. पुढे तिच्यावर काम झाले. सप्टेंबर २०१२ च्या आवृत्तीपासून एका शॉर्टकटने ऑर्का हवा तेव्हा सुरू करता येऊ लागला.

कोड खुला असल्याचा फायदा इथे दिसला. ज्यांना जुनीच मांडणी हवी होती त्यांना हात जोडत बसावे लागले नाही. अर्जेंटिनातील एकाने जुन्या ग्नोमचा कोड घेऊन तो २०११ मध्येच वेगळा चालू ठेवला. तिकडच्या पेयावरून त्याचे नाव ठेवले ‘माते’. मराठी कानाला ती आईला मारलेली हाक वाटते! आमच्या शेजाऱ्याची बोटे याच मातेवर शिकली होती.

थोरल्याने दुसऱ्या दिवशी माते परत बसवला, पण नवा काढला नाही. लॉगिन करताना कोणता हवा ते निवडता येते. मग आम्ही शेजाऱ्याला बोलावले आणि नव्याची वाट त्याच्या शेजारी बसून सांगितली. ऑल्ट, विंडोजचे चिन्ह असलेले बटण आणि एस एकत्र दाबले की ऑर्का बोलू लागतो. नुसते ते चिन्हाचे बटण दाबून प्रोग्रॅमच्या नावाची पहिली अक्षरे टाइप केली आणि एंटर मारले की तो उघडतो. त्याने करून पाहिले. दोन मिनिटांनी म्हणाला, “सर, यात तर मोजायला लागतच नाही.”

म्हणजे नवे वाईट नव्हते. आमच्या वर्गातली मुले एका तासाला उर्दूचे पुस्तक उजवीकडून उघडतात, पुढच्या तासाला मराठीचे डावीकडून, आणि गोंधळत नाहीत. कॉम्प्युटरची भाषा उर्दू केली तर त्याचीही मांडणी आरशातल्यासारखी उलटते. हाताला दोन्ही वाटा येतात. पण पहिल्या दिवशी कोणीतरी शेजारी बसावे लागते.

घरात कॉम्प्युटर असो की अब्बू-अम्मींचा मोबाइल, बदल करण्याआधी वापरणाऱ्याला विचारा. त्यांच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या. बहुतेक लिनक्स पेनड्राइव्हवरून न बसवताही चालवून पाहता येतात, तसे आधी त्यांना दाखवा. रोज लागणाऱ्या चार-पाच गोष्टींची नवी बटणे कागदावर लिहा, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना त्यांच्याच मोबाइलवर आवाजात रेकॉर्ड करून द्या. जुने महिनाभर तरी ठेवा. आणि ते चुकले तर “सोपं तर आहे” असे म्हणू नका.

शेजारी पुन्हा येऊ लागला आहे. लॉगिन करताना कधी माते निवडतो, कधी नवा. पहिला अर्ज त्याने स्वतः टाइप केला. आम्ही फक्त वेलांट्या तपासल्या. दोनच चुका निघाल्या.