आधी पाणी जिवंत करा, मग मासा आणा



रंगीत माशांच्या मोठ्या दुकानात गेलात तर एखाद्या कोपऱ्यात निळ्या प्रकाशात उजळलेली काचटाकी दिसते. तीत प्रवाळांचे झुबके डोलत असतात आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे त्यांच्याआडून डोकावत असतात. असा समुद्राचा तुकडा आपल्याही घरी असावा, असे कोणाला वाटणार नाही? 'हे आम्हाला करता येईल का?' असे तुम्ही विचारलेत तर त्याचे सरळ उत्तर 'येईल' असेच आहे. पण 'करावे का?' हा प्रश्न वेगळा आहे आणि या लेखात आपल्याला त्याचाच विचार करायचा आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. खाऱ्या पाण्याची टाकी विद्यार्थ्यांनी जरूर करावी. पण तिच्यात प्रवाळ आणू नयेत आणि निदान पहिले सहा आठवडे मासाही आणू नये. काच, पाणी, दगड आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, एवढ्यावरच ती चालवावी. 'मग पाहायचे काय?' असे तुम्ही म्हणाल. पाहण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त ते दिसण्यासाठी डोळ्यांच्या जोडीला वही आणि आलेखाचा कागद लागतो.

समुद्राचे पाणी म्हणजे मिठाचे पाणी नव्हे

प्रथम पाण्याकडे वळू. एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड १९ ग्रॅमांच्या आसपास आणि सोडियम ११ ग्रॅमांहून थोडे कमी असते. म्हणजे बहुतेक भाग आपल्या ओळखीच्या मिठाचाच झाला. उरलेल्यात सल्फेट सुमारे २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम असते. 'चॅलेंजर' या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांतील ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार यांनी १८८४ साली दाखवून दिले की, पाणी कमीअधिक खारट असले तरी त्यातील प्रमुख क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते.

मग मिठागरातले खडे मीठ पाण्यात विरघळवले तर समुद्र तयार होईल का? नाही, आणि त्याचे कारण मिठागरातच सापडते. उन्हाने पाणी आटू लागले की आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, प्रथम कॅल्शियम कार्बोनेट आणि मग जिप्सम. त्यानंतर मीठ जमते. ते ओढून घेतल्यावर जे कडू पाणी मागे राहते, त्यात मॅग्नेशियम व पोटॅशियम अडकलेले असते. म्हणजे मीठ तयार करण्याची सारी युक्ती समुद्राचे घटक वेगळे करण्याची आहे. आपल्याला तर ते सगळे एकत्र हवे आहेत. प्रवाळ, शिंपले यांचे सांगाडे आणि कवच कॅल्शियमचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे महत्त्व कळेल.

किनाऱ्यावरून पाणी भरून आणण्याचा मार्गही फारसा चांगला नाही. शहरांजवळचे पाणी गढूळ व दूषित असते, आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांच्या पाण्याने त्याची क्षारता उतरते. त्यापेक्षा मत्स्यालयासाठी तयार मिळणारे क्षारमिश्रण क्लोरीन नसलेल्या पाण्यात विरघळवावे आणि हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व मोजावे. २५ अंश सेल्सियसला ते सुमारे १.०२५ आले की ठीक.

लहान टाकी सोपी नसते

'टाकी लहान आहे, म्हणजे काम सोपे,' असा पुष्कळांचा समज असतो. तो उलटा आहे. थोडे गणित करून पाहू.

समजा, टाकीत ४० लिटर पाणी आहे आणि प्रत्येक लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार आहेत. एकूण क्षार १४०० ग्रॅम झाले. रोज अर्धा लिटर पाणी वाफ होऊन उडते असे धरले, तर आठवड्यात साडेतीन लिटर पाणी कमी होईल. वाफ पाण्याची होते, क्षारांची नव्हे. तेव्हा १४०० ग्रॅम क्षार आता ३६.५ लिटरमध्ये राहिले आणि क्षारता ३८ च्या वर गेली. हेच नुकसान ४०० लिटरच्या टाकीत झाले असते तर क्षारता ३५.३ झाली असती, आणि माशाला पत्ताही लागला नसता.

आता ही तूट कशाने भराल? घाईत उत्तर येते, 'खाऱ्या पाण्याने.' तसे केले तर दर आठवड्याला साडेतीन लिटर पाण्याबरोबर १२२.५ ग्रॅम क्षार जादा पडतील. चार आठवड्यांत ते ४९० ग्रॅम होतील, आणि क्षारता प्रत्येक लिटरला ४७ ग्रॅमवर पोहोचेल! म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्यानेच करायची. हा नियम पाठ करण्यापेक्षा वरचे गणित एकदा स्वतः करून पाहा, म्हणजे तो कधी विसरणार नाही.

दुसरी अडचण उष्णतेची. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत घरातले साधे पाणीही ३० अंशांच्या पुढे जाते. पाणी जितके उष्ण आणि खारट, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. त्यातच वीज गेली आणि पाणी खेळवणारा पंप बंद पडला, तर लहान टाकीतला साठा काही तासांतच आटू शकतो. पाणी गार ठेवणारे यंत्र मिळते, पण त्याची किंमत आणि विजेचे बिल घरच्या मोठ्या माणसांना विचारल्याखेरीज त्याचा विचारही करू नका.

डोळ्यांना न दिसणारी वसाहत

आता रिकाम्या टाकीत काय पाहायचे ते सांगतो. मासा श्वासावाटे व मलमूत्रातून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजले तरी अमोनियाच तयार होतो. तो विषारी आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी असतो. अशा पाण्यात अमोनियाचा विषारी अंश उदासीन पाण्यातल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो.

सुदैवाने निसर्गात याची सोय आहे. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो. दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही घातकच, पण नायट्रेट पुष्कळ सौम्य असते आणि अधूनमधून थोडे पाणी बदलले की ते आटोक्यात राहते. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. ते दगडांच्या, वाळूच्या पृष्ठभागावर वसाहत करतात. नव्या टाकीत ही वसाहतच नसते. टाकी आणलेल्या दिवशीच मासे सोडले की आठवड्याभरात ते का मरतात, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते.

प्रयोग असा करा. टाकीत खारे पाणी भरा. पंप सुरू करा. जिवाणूंना राहायला झिलई नसलेल्या मातीच्या कुंडीचे स्वच्छ तुकडे किंवा चुनखडीचे सच्छिद्र दगड रचा. कोळंबीचा बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा जाळीच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडा. एखाद्या जुन्या, निरोगी खाऱ्या टाकीतली चमचाभर वाळू मिळाली तर तीही घाला. तिच्याबरोबर जिवाणूंचे बियाणे येईल. मग एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजा. मोजण्याचे संच मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. तिन्ही आकडे एकाच आलेखावर तीन रंगांनी मांडा.

आधी अमोनियाची रेषा चढेल. मग ती उतरू लागेल आणि नायट्राइटची चढेल. शेवटी तीही उतरेल आणि नायट्रेटची रेषा वर जाऊ लागेल. साधारण चार ते सहा आठवडे लागतील, कधी अधिकही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले, म्हणजे टाकीतले पाणी जिवंत झाले. तुम्ही पाठ्यपुस्तकात नायट्रोजनचक्राची जी आकृती काढता, तिचा एक भाग तुमच्या घरात तुमच्याच हाताने फिरू लागलेला असतो. माझ्या मते कोणत्याही महागड्या माशापेक्षा हा आलेख अधिक मोलाचा आहे.

एक सूचना मात्र पाळाच. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. विजेची जोडणी मोठ्यांकडून, अर्थिंग तपासून करून घ्या. पंपाच्या वायरीला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब प्लगपर्यंत न जाता खाली पडेल. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करा.

प्रवाळ का नकोत?

प्रवाळ हा दगड नाही आणि झाडही नाही. तो लहानलहान प्राण्यांचा समूह आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात, प्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभरच अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी ही भागीदारी मोडते. शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ साली लक्षद्वीप व मन्नारच्या आखातात असे मोठ्या प्रमाणावर घडले. २०२४ साली तर शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन जाहीर केले. जो प्राणी महासागरातही संकटात आहे, त्याला चाळीस लिटरच्या टाकीत, आपल्या उन्हाळ्यात, विजेच्या भरवशावर ठेवणे कितपत योग्य आहे?

कायदाही हेच सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली कठीण सांगाड्याच्या प्रवाळांचा समावेश झाला. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे हा गुन्हा आहे. शोभेसाठी वाळवलेला पांढरा तुकडाही त्यातून सुटत नाही. समुद्रघोडेही याच अनुसूचीत आहेत.

इतिहासातही एक धडा आहे. १८५० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्या करण्याची लाट उसळली. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाची पुस्तके तिला बरीच कारण झाली. लोक बादल्या व हातोड्या घेऊन किनाऱ्यावर गेले आणि खडकांमधली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात या नासाडीबद्दल खेद व्यक्त केला आहे, आणि आपल्या वडिलांनाही तिचे दुःख होते असे नोंदवले आहे. त्या लोकांचे समुद्रावर प्रेम नव्हते असे नाही. प्रेम होते म्हणूनच ते गेले होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. टाक्यांमध्ये प्रवाळ पाळणाऱ्यांनी विज्ञानाला मदत केली आहे. प्रवाळाचे तुकडे करून ते वाढवण्याचे तंत्र त्यांनी पुढे नेले, आणि तशा तंत्राचा उपयोग आज प्रवाळभित्ती पुन्हा उभ्या करण्याच्या कामी होतो. हे खरे आहे. पण त्या कामासाठी परवाने, साधने आणि दिवसरात्र देखरेख लागते. ते पुढे संशोधक झालात तर अवश्य करा. त्याचा पाया या सहा आठवड्यांच्या आलेखातच आहे.

मग पुढे काय?

पाणी तयार झाल्यावर मासा आणायचा असेल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: 'हा जन्मला कुठे?' खाऱ्या पाण्यातील बहुतेक शोभेचे मासे समुद्रातून पकडून आणलेले असतात. फिलिपीन्ससारख्या ठिकाणी तर त्यांना गुंगी आणण्यासाठी सायनाइड वापरले गेले, त्याने आसपासचे प्रवाळही मेले. क्लाऊनफिश, म्हणजे विदूषक मासा, मात्र बंदिस्त पाण्यात वाढवता येतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्याचे तंत्र विकसित केले आहे. तेव्हा टाकीत जन्मलेला मासाच घ्या, आणि पुढे तो नकोसा झाला तर खाडीत सोडू नका.

आणि प्रवाळ पाहायचेच असतील तर त्यांच्या घरी जाऊन पाहा. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानात, नरारा येथे, ओहोटीच्या वेळी पायी चालत ते पाहता येतात. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तेवढे लांब जमत नसेल तर कोकणातल्या कोणत्याही खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जा. डबक्याशेजारी अर्धा तास गुपचूप बसा. समुद्रफुले, शंखात राहणारे खेकडे, शिंपले दिसतील. काय दिसले ते वहीत लिहा, आणि येताना वहीच तेवढी घरी आणा.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. प्रयोगशाळेत अशी टाकी सुरू करण्यापूर्वी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे कोण पाहील, हे आधी ठरवा. नाव ठरत नसेल तर मासा आणू नका. जिवाणूंचा प्रयोग पावसाळ्याच्या सत्रात पूर्ण करा आणि टाकी धुऊन ठेवा. वर्गातील मुलांनी मोजलेले आकडे भिंतीवर लावा. एका गटाच्या टाकीत अमोनिया आठ दिवसांत उतरला आणि दुसऱ्याच्या टाकीत वीस दिवसांत, तर असे का झाले यावर एक तास चर्चा करा. तो तास वाया जाणार नाही.