हळदीचा गुण मोजा, मग भाव बोला



उन्हाळ्यात मुंबईला गेलात तर लालबागच्या मसाला बाजारात एक फेरी मारा. बेडगी आणि संकेश्वरी मिरचीच्या राशी, शेजारी हळकुंडांची पोती, आणि डंकांचा ठोका. गिरणगावात वसलेली सातारा, सांगली, कोकणाकडची कुटुंबे वर्षाचा मसाला इथे करून घेतात. गिऱ्हाईक हळकुंड मोडते, आतला रंग बघते आणि दोन किलो घेते. घरच्या खरेदीला एवढी पारख पुरे.

पण सांगली, वसमतच्या सौद्यातही पारख हीच. हळकुंड मोडायचे, लांबी, जाडी आणि पॉलिश बघायचे, बोली लावायची. नऊ महिने शेतात, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश. आणि एवढ्या कष्टाच्या मालाचा भाव ठरतो नजरेच्या अंदाजाने!

हळदीचा पिवळा रंग आणि जगभर जिचा गवगवा आहे ती दाह कमी करण्याची शक्ती, दोन्ही मुख्यतः कुरकुमिन गटातल्या द्रव्यांची. वाळलेल्या हळदीत त्यांचे प्रमाण साधारण 2 ते 6 टक्के असते. जात, जमीन आणि काढणीची वेळ यांप्रमाणे ते बदलते. म्हणजे सारख्याच दिसणाऱ्या दोन पोत्यांच्या गुणात दुपटीचा फरक असू शकतो. सौद्यात तो कोणी विचारतही नाही.

बाकी सगळे मात्र मोजतात. लालबागहून चालत परळला जा. तिथल्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीसारख्या आयुर्वेदातल्या वनस्पती आधुनिक औषधशास्त्राच्या कसोटीला लावल्या. वनस्पती आपली, परंपरा आपली, म्हणून तिला परीक्षेतून सूट दिली नाही.

तीच कसोटी हळदीला लावली तर काय दिसते? प्रयोगशाळेत कुरकुमिन दाह रोखते, ऑक्सिडीकरणही रोखते. गुडघेदुखीवरच्या काही चाचण्यांत आराम दिसला. पण पोटात घेतलेले कुरकुमिन रक्तात फारच थोडे उतरते. बंगळुरूच्या 1998 च्या अभ्यासात मिऱ्यातल्या पिपरिनबरोबर दिल्यावर ते माणसांत 20 पट उतरले. मात्र अशा तीव्र अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. आमटीतली हळद वेगळी, अर्काची गोळी वेगळी. हळदीने कॅन्सर बरा होतो असे सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. खोट्या स्तुतीवर उभा राहिलेला बाजार एक दिवस कोसळतो, आणि ढिगाऱ्याखाली शेतकरीच सापडतो.

पेटंटची लढाई सर्वांना आठवते. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेने मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. गिरगावच्या चाळीत वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख. परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले आणि ऑगस्ट 1997 मध्ये ते पेटंट रद्द ठरले. आनंद आम्हालाही झाला. पण देशाची अब्रू राहिली म्हणून सौद्याची रीत बदलली नाही. वायगावच्या हळदीला 2016 मध्ये आणि सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला मान मिळाला, दामाचे काय?

आमची मागणी साधी आहे. दुधाला फॅट बघून दर, उसाला उतारा बघून दर, मग हळदीला कुरकुमिन बघून का नाही? अर्क काढणारा कारखानदार स्वतःच्या खरेदीत हे प्रमाण तपासतोच.

हिशेब करून पाहा. समजा, एका जातीची वाळलेली हळद एकरी 25 क्विंटल आणि कुरकुमिन 3 टक्के; दुसरीची 20 क्विंटल आणि 5 टक्के. पहिलीतून 75 किलो कुरकुमिन निघते, दुसरीतून 100 किलो. आजच्या वजनाच्या बाजारात दुसरी जात लावणारा मूर्ख ठरतो. नजरेच्या बाजारात वरून रंग चढवणारा शहाणा ठरतो, आणि त्यातूनच शिश्याच्या विषारी पिवळ्या रंगाची भेसळ फोफावते.

तपासणी अवघड आहे म्हणतील. नमुन्याची पूड अल्कोहोलमध्ये उकळायची, गाळायची आणि 425 नॅनोमीटरला रंगाची तीव्रता मोजायची. दुधासारखे हे मिनिटात होत नाही खरे. पण हळद दुधासारखी तासात नासतही नाही.

एक गोष्ट आपसांतही स्पष्ट बोलू. गुणावर दर मागितला तर ज्याचा गुण कमी त्याला दरही कमी मिळेल. हे मान्य असेल तरच मागणीला हात वर करा. जाती मिसळायच्या नाहीत, कच्ची काढायची नाही, प्रत्येक प्लॉटचा माल वेगळा ठेवायचा, हे आपल्याकडचे काम.

बाजार समित्यांनी सौद्याआधी तपासणी करून पोत्यावर चिठ्ठी लावावी. निजामाबादला 2025 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाने त्याची पद्धत ठरवून द्यावी. अनुदान नको, कौतुकही नको. आमच्या मालात जे आहे ते मोजा आणि त्याचे दाम द्या. जिल्हा बैठकीत हा ठराव येईल, तेव्हा आपापल्या हळदीचा नमुना पिशवीत घालून या.