गणित थंड खरे. पण ते मांडले कोणी?

विज्ञानकथा म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, अशी समजूत करून घेऊन पुरोगामी वाचक तिच्याकडे पाठ फिरवतो. ही उपेक्षा परवडणारी नाही. अद्भुताच्या आवरणाखाली समाजव्यवस्थेचे तत्त्वज्ञान किती सहजपणे गळी उतरवले जाते, याचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे.

अमेरिकेतील ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ मासिकाच्या ऑगस्ट १९५४ च्या अंकात टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा प्रसिद्ध झाली. दूरच्या ग्रहावर तापाने ग्रासलेल्या सहा माणसांसाठी औषध घेऊन एक लहान यान निघाले आहे. इंधन नेमके मोजून दिलेले. भावाच्या भेटीच्या ओढीने अठरा वर्षांची एक मुलगी त्यात लपून बसते. तिच्या वजनासह यान सुखरूप उतरणे अशक्य. म्हणून तिला अंतराळात लोटले जाते. निसर्गनियमांना दयामाया नसते, हे कथेचे तात्पर्य. गॉडविन दर वेळी मुलीच्या सुटकेची युक्ती शोधीत आणि संपादक जॉन कॅम्बेल कथा परत पाठवीत, अशी हकीकत सांगितली जाते.

कथा मन हेलावते, यात शंका नाही. परंतु गुरुत्वाकर्षण हा निसर्गनियम असला, तरी इंधन काटकसरीने देणे हा माणसांचा निर्णय आहे. चोरून आलेल्या प्रवाशाला ठार करण्याचा कायदा आधीच तयार आहे. म्हणजे असे प्रवासी येतात, हे व्यवस्थेला ठाऊक आहे. तरीही बंदोबस्त काय, तर ‘प्रवेश मनाई’ची एक पाटी! दाराला कुलूप नाही. आत शिरल्यास मृत्यू अटळ, एवढे सांगण्याचीही तसदी कोणी घेतलेली नाही. मुलगी दंड भरण्याच्या तयारीने येते आणि प्राण देऊन जाते. वाचक डोळे पुसतो. हिशेब मांडणारे मात्र कथेच्या बाहेरच राहतात.

हे तर्कशास्त्र आपल्या परिचयाचे आहे. भोपाळमध्ये १९८४ साली विषारी वायू सुटला, त्याआधी कित्येक महिने कारखान्यातील शीतकरण यंत्रणा बंद ठेवलेली होती. दुर्घटनेनंतर कंपनीने बोट दाखवले ते एका कामगाराच्या घातपाताकडे. तेथेही रसायनशास्त्राचे नियम निर्दय होतेच. पण यंत्रणा बंद ठेवण्याचा हुकूम निसर्गाने दिलेला नव्हता.

अशा कथा अवश्य वाचाव्यात. मात्र गणिताकडे बोट दाखवले जाताच, त्यातील आकडे कोणी भरले, हा प्रश्न वाचकाने सोडू नये.