बर्फ नाही, मग कूलंट कशाला?

“बर्फ पडतो कुठे आपल्याकडे?” असे म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणारे गाडीवाले बेळगावात पुष्कळ भेटतात. प्रश्न बिनतोड वाटतो खरा. पण त्यांना नावाने फसवले आहे. ‘अँटीफ्रीझ’ हे नाव थंड देशांतले. तेथे पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते व इंजिनाचा ओतीव ठोकळा तडकवते. निम्म्या पाण्यात निम्मे एथिलीन ग्लायकॉल मिसळले, की त्याचे रेणू पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या जाळीत बसू देत नाहीत. मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. गंमत अशी, की निव्वळ ग्लायकॉल उणे १३ लाच गोठते!

आपल्या कामाची बाजू निराळी आहे. उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉल पाण्याहून उणेच, हे आधीच मान्य करू. मात्र मिश्रण उकळते १०७ अंशांच्या सुमारास, आणि गोव्याहून येताना चोर्ला घाटात हे वरचे सात अंशही मोलाचे ठरतात. त्याहून मोलाची कूलंटमधली थोडीशी गंजरोधक द्रव्ये. बोअरच्या पाण्यातील क्षार इंजिनात थर धरतात, अ‍ॅल्युमिनियम पोखरले जाते, आणि पुढचा खर्च कूलंटच्या डब्याच्या कितीतरी पट होतो. ही द्रव्ये कालांतराने संपतात, ग्लायकॉलची आम्ले बनू लागतात. म्हणून मुदतीत कूलंट बदलायचे.

बदललेले कूलंट गटारात सोडण्याची रीत मात्र संतापजनक आहे. ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल होते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. गॅरेजबाहेरच्या कुत्र्याला हे कोण सांगणार? जुने ऑइल मिस्त्री डब्यात साठवतातच. शेजारी आणखी एक डबा ठेवायला हरकत कोणती?