वीस बाजूंचा फासा
शनिवारी संध्याकाळी बेंगळुरूतल्या एखाद्या बोर्डगेम कॅफेत डोकावलं, तर आयटीतली पोरं सात फासे ओंजळीत खुळखुळवत बसलेली दिसतात. १९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने रूढ केलेला हा संच: ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा एकेक फासा, आणि १० बाजूंचे दोन, म्हणजे एकावर दशक, दुसऱ्यावर एकक वाचून शंभरापर्यंतचं दान पाडता येतं. यातला चार बाजूंचा भलताच हट्टी. सारीपाटाचे लांबट फासेही चारच बाजूंचे, पण ते छान घरंगळतात. हा टेबलावर बदकन बसतो आणि टोक वर करून राहतो, मग आकडा टोकापाशी नाहीतर तळाशी शोधा! नेहमीच्या फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज ७, वीसवाल्यावर २१. मोहेंजोदडोत मात्र १ समोर २ आणि ३ समोर ४ असे फासेही सापडले आहेत. सातचा दंडक तिथे चालत नसावा. आणि बेंगळुरूतल्याच जुन्या घरांत चौका बारा हा पटावरचा खेळ खेळतात तो चार कवड्यांवर. जितक्या उताण्या तितकं दान, पण चारही पालथ्या पडल्या की ८. कवडी दोन्ही अंगांनी सारखीच पडते असं धरलं, तर २ पडण्याची शक्यता सोळात सहा, आठाची सोळात फक्त एक. मला विचाराल तर खरी गंमत या कवड्यांतच आहे. वीस बाजूंच्या फाशावर १ काय आणि २० काय, दोन्ही सारखेच स्वस्त.