रस्त्याला कारभारी हवा

मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर भर पावसात छत्री न उघडता चालता येतं. बोरीबंदरहून हुतात्मा चौकाकडे निघालं की इमारतींच्या पोटातून दगडी कमानींची रांग लागते. बाहेर धो धो कोसळत असतो आणि आतला माणूस कोरडा राहतो. ही सोय आपोआप झालेली नाही. 1860 च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले, तेव्हाचा हॉर्नबी रोड रुंद झाला, आणि 1896 च्या एका नियमाने इथल्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानदार पडवी ठेवायला लावली. मालक निरनिराळे, बांधणीच्या तऱ्हा निरनिराळ्या, पण पडवी मात्र सगळ्यांची एक.

शंभर वर्षांत त्या पडवीचं काय झालं? कमानीवर पाटी चढली, पाटीवर मोठी पाटी, तिच्यावर त्याहून मोठी. घडीव दगडाचे खांब पत्र्याआड गेले. 1998 च्या सुमारास वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याची इमारतवार पाहणी केली. महानगर प्रदेशाच्या वारसा संवर्धन सोसायटीने त्यासाठी पैसे दिले. त्यातून दुकानदाराच्या हातात ठेवता येईल अशी साधी नियमावली तयार झाली : पाटी कमानीच्या आत बसवा, खांब मोकळा ठेवा. पुढे इथलेच दुकानदार आणि रहिवासी एकत्र आले, ‘हेरिटेज माईल असोसिएशन’ उभी राहिली आणि 2004 मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागाच्या वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली. एखाद्या राजवाड्याला वा देवळाला मिळावा तसा मान इथे रोजच्या खरेदी-विक्रीच्या रस्त्याला मिळाला.

प्रत्येक पेठेला अशी संस्था हवी म्हणून हे उदाहरण दिलं की लगेच आक्षेप येतात. ते प्रामाणिक असतात, म्हणून त्यांना उत्तरंही नीट दिली पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की रस्ता पालिकेचा, कर पालिका घेते, मग एखाद्या संस्थेने त्यात पडायचं काय कारण? वर हेही ऐकवतात की संस्था पुढे आली की पालिका अंग काढून घेते.

माझं बालपण एका पेठेतल्या दुकानात गेलं, म्हणून त्याच दुकानाच्या उंबरठ्याची हकीकत सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा रस्त्यावरून दुकानात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. सकाळी वडील फळ्या काढत, त्या एकामागे एक भिंतीला लावून ठेवत, ओट्यावर पाणी मारत आणि मग बोहनीची वाट बघत बसत. दर दोन-तीन वर्षांनी रस्ता डांबरी व्हायचा. जुना थर कुणी खरवडत नसे, त्याच्यावरच नवा पडे. आधी खालची पायरी गेली. मी कॉलेजात जाईपर्यंत वरचीही गेली. मग एका जुलैत रस्त्याचं पाणी सरळ दुकानात आलं आणि खालच्या फळीवरच्या वह्यांचे गठ्ठे भिजून लगदा झाले. वडील अर्ज घेऊन गेले. रस्त्याच्या खात्याने सांगितलं, पाणी निचऱ्याच्या खात्याकडे जा. तिथे कळलं की गटार ठरल्या पातळीवरच आहे, रस्ता वर आला त्याला ते काय करणार? दोन्ही उत्तरं कागदावर बरोबर होती.

पालिकेला मी इथे शिव्या घालत नाही. तिच्याकडे डांबराचं खातं आहे, गटाराचं आहे, दिव्यांचं आहे, परवान्यांचं आहे. ‘पेठ’ नावाचं खातं मात्र नाही. उंबरठ्यापासून गटारापर्यंतच्या त्या चार फुटांकडे एकाच वेळी बघणारा माणूस तिच्या रचनेतच बसत नाही. आणि व्यापारी संघटना? त्या कराविरुद्ध बंद पुकारतात, निवेदनं देतात, दिवाळीत माळा लावतात. ते हवंच. पण मधल्या तीनशे दिवसांत रस्त्याकडे कोण बघतं? संस्थेची जागा नेमकी इथे आहे. तिने पालिकेचं काम आपल्या अंगावर घ्यायचं नाही, ते होईपर्यंत पाठ सोडायची नाही. दोन खात्यांची माणसं एकाच दिवशी, एकाच उंबरठ्यापाशी आणून उभी करणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. दुकान सांभाळून ते होत नाही. माझ्या वडिलांच्याने झालं नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मॉल आले, मोबाईलवर एका बोटाने वस्तू घरपोच येते, पेठेचे दिवस संपले. मरणाऱ्याला शांतपणे मरू द्या, असं तो सांगतो.

हे भाकीत नवं नाही. अमेरिकेतल्या लहान गावांच्या मुख्य रस्त्यांबद्दल ते पन्नास वर्षांपूर्वीच करून झालं होतं. गावाबाहेर मॉल उभे राहिले, गावातली दुकानं ओस पडली, आणि उरलेल्यांनी आधुनिक दिसण्यासाठी जुन्या विटांच्या दर्शनी भिंतींवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले. (आपल्या तालुक्याच्या गावात आज जुन्या लाकडी सज्जांवर चकचकीत पत्रे चढताना बघतो तेव्हा मला तीच चित्रं आठवतात.) 1977 मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या ना-नफा संस्थेने मेरी मीन्स यांच्या पुढाकाराने तीन गावं प्रयोगासाठी निवडली : इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, इंडियानातलं मॅडिसन आणि साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज. प्रत्येक गावात मुख्य रस्त्यासाठी एक पूर्ण वेळ व्यवस्थापक नेमला. माणसं जोडणं, गिऱ्हाईक खेचणं, रस्त्याचं रूप सांभाळणं आणि धंद्याची घडी नव्याने बसवणं ही त्याची चार कामं, आणि चारही एकदम. पत्रे उतरवल्यावर खाली जुन्या विटा निघाल्या. 1980 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं आणि ‘मेन स्ट्रीट’ची ही पद्धत पुढे शेकडो गावांनी उचलली.

पेठ मरते ती वस्तू महाग मिळते म्हणून, असं समजणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी सात वाजता पेठेत उभं राहून बघावं. साडीच्या दुकानातून बाहेर पडलेली बाई समोर पिको-फॉलला जाते, तिथून बांगड्यांकडे, मग वाटेत रस पिते. एका दुकानाचं गिऱ्हाईक चार दुकानांचं होतं. मधली दोन शटरं कायमची खाली आली, दिवा गेला, पाऊल अडखळलं की ही साखळी तुटते, आणि तुटली की शेवटच्या टोकाचं चांगलं चाललेलं दुकानही मागे पडतं. मोबाईलला दोष देणं सोपं आहे. मधला काळोख मोबाईलने केलेला नाही.

गाड्या लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, या तक्रारीवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांसाठी बंद ठेवतात, आणि रस्ता माणसांनी फुलतो. अर्थात एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच तो दिवस बारा महिन्यांच्या हिशेबात बसवणारं कुणीतरी लागतं : कुठल्या वेळेला माल उतरवायचा, रिक्षा कुठे थांबवायची, म्हाताऱ्या माणसाला दुकानापर्यंत कसं आणायचं.

आता ज्या आक्षेपापुढे मी थांबतो तो. रस्ता सुधारला की भाडं वाढतं, भाडं वाढलं की जुना दुकानदार जातो, त्याच्या जागी कॉफीची साखळी दुकानं येतात. आणि पथारीवाल्याला तर पहिल्याच दिवशी हाकलतात. मग पुनरुज्जीवन झालं ते कुणाचं?

हे घडतं. जगभर घडलं आहे आणि ‘आमच्याकडे होणार नाही’ म्हणून ते उडवून लावणारा खोटं बोलतो. मुंबईच्या फोर्टात जुन्या पागडीच्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली आणि बँका, मोठ्या भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळलं. त्यामुळे तिथला जुना चष्मेवाला, पुस्तकवाला सहजासहजी उठत नाही. मात्र तेवढ्या भाड्यात मालक छपराची कौलंही बदलत नाही, आणि कमान वरून पाझरत राहते. उलट लहान शहरात गाळा करारावर घेतलेला असतो. तो करार संपला की दुकानदाराच्या हातात काही राहत नाही.

पण यावर रस्ता मोडकाच ठेवणं हा कसला उपाय? गळकं छप्पर आणि अंधार हेच गरीब दुकानदाराचं संरक्षण, असं म्हणण्यात मला त्याचा अपमान दिसतो. संरक्षण करारात लिहून घ्यायला हवं. मालक, भाडेकरू आणि पथारीवाले तिघेही संस्थेचे सभासद असतील तर कामाला हात घालण्याआधी मालकाशी बोलणी करता येतात : दर्शनी भागाच्या दुरुस्तीचा वाटा संस्था उचलेल, त्या बदल्यात चालू भाडेकरूचा करार लांब मुदतीचा कर. पथारीवाल्यांच्या बाबतीत तर 2014 च्या पथविक्रेता कायद्याने वाट दाखवून ठेवली आहे. शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के सभासद निवडून आलेले पथविक्रेते असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. शहराच्या समितीला जे बंधनकारक आहे ते पेठेच्या संस्थेने आपण होऊन पाळावं. ज्या संस्थेच्या सभेत भाजीवालीला खुर्ची नाही, ती रस्त्याच्या नावाने बोलू लागली तर मी तिच्या विरोधात उभा राहीन.

माझं भांडण आमच्या बाजूच्या लोकांशीही आहे. पुनरुज्जीवन म्हणजे रंगरंगोटी, बिडाचे दिवे आणि उद्घाटनाची फीत, असं मानणारे फार झाले. दादाभाई नौरोजी रस्त्याचं मी मनापासून कौतुक करतो, पण पाटी एकदा कमानीत बसवून भागत नाही. दुकान हात बदलतं, नवा मालक नवी पाटी आणतो, त्याला नियम माहीत नसतो. त्याच दिवशी त्याच्या दुकानात जाऊन, चहा पिऊन, त्याला समजावणारा माणूस लागतो. समितीवरची मंडळी हे करत नाहीत, कारण त्यांना आपापले धंदे असतात. पगारी माणूस लागतो. जुन्या भाषेत सांगायचं तर कारभारी.

पगार कुठून, हा प्रश्न टोरांटोतल्या ब्लूर वेस्ट व्हिलेजच्या दुकानदारांना पडला होता. 1968 मध्ये त्यांच्या भागातून भुयारी रेल्वे सुरू झाली आणि ट्रामने येणारं, गाडी बदलताना दुकानात डोकावणारं गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागलं. दुकानदारांनी ऐच्छिक वर्गणी करून पाहिली. काहींनी दिली, बाकीचे फुकटच्या दिव्याखाली उभे राहिले. मग त्यांनी सरकारकडून कायदा करून घेतला आणि 1970 मध्ये ठरलेल्या हद्दीतल्या प्रत्येक व्यावसायिकाकडून पालिकेमार्फत अधिभार घ्यायचा, तो त्याच रस्त्यावर खर्च करायचा आणि खर्च दुकानदारांच्या मंडळाने ठरवायचा, अशी जगातली पहिली व्यवस्था तिथे सुरू झाली. आज एकट्या टोरांटोत अशी 80 हून अधिक मंडळं आहेत.

आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. दोनशे दुकानांची पेठ धरा. दुकानामागे महिन्याला तीनशे रुपये, म्हणजे दिवसाला दहा, एका कटिंग चहाचे. महिन्याचे साठ हजार होतात. त्यात एका कर्त्या तरुणाचा वा तरुणीचा पगार निघतो, फोन निघतो, नोंदणीकृत न्यासाचा हिशेबनीस निघतो. सगळे देणार नाहीत; सव्वाशेंनी दिले तरी सुरुवात होते, आणि वर्षाचा हिशेब चौकातल्या फळ्यावर लागला की उरलेल्यांतले बरेच येतात.

त्या कारभाऱ्याने पहिल्या महिन्यात एकही दिवा, एकही कुंडी विकत घेऊ नये. रोज संध्याकाळी सातला वही घेऊन पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावं. कुठलं शटर बंद आहे, केव्हापासून, त्याची किल्ली कुणाकडे आहे, मालक पुण्यात की अमेरिकेत, कुठल्या दुकानासमोर रस्ता उंबरठ्याच्या वर आला आहे आणि किती इंच, हे लिहून काढावं. मोजपट्टी खिशात असू द्यावी.