मीठ आणि मोरीचं पाणी

पाबळचं नाव निघालं की आपल्या लोकांना मस्तानीची कबर आठवते. आम्हा शिक्षकांना विज्ञान आश्रमही आठवतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला, मुलांनी हाताने काम करत शिकावं म्हणून. त्याच रीतीने, घरातल्या वस्तूंवरून, या वेळी सांडपाण्याकडे पाहू.

संडास-मोरीच्या पाण्यात अमोनिया असतो. शुद्धीकरणाच्या टाकीत खडी किंवा प्लॅस्टिकचे तुकडे टाकतात. त्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, मोरीच्या दगडावर धरतो तसाच. थराच्या वरच्या भागात हवा पोचते. तिथे एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. आत हवा नसते. तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. जेमतेम मिलिमीटरभर जाडीत एवढी कामाची वाटणी!

आता मीठ. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं; जिवाणूंच्या पेशीचंही तसंच होतं. बहुधा आधी दुसरा गट कच खातो, आणि विषारी नायट्राइट साचतं. मीठ हळूहळू वाढलं तर थर चिकट द्रव जास्त सोडून स्वतःला सांभाळतो, काही आठवड्यांत सरावतो. हाँगकाँगमध्ये १९५०च्या दशकापासून संडासात समुद्राचं पाणी वापरतात, तरी तिथले जिवाणू काम करतात, कारण खारटपणा रोजचाच. घात होतो तो अचानक आलेल्या मिठाने.

बकरी ईदला हे आवर्जून आठवावं. चामडं नासू नये म्हणून मीठ चोळतात. टॅनरीत ते धुतलं की खारं आणि नायट्रोजननेही भरलेलं पाणी निघतं. म्हणजे जिवाणूंची गरज सर्वांत जास्त तिथेच मीठही जास्त. भिजवण्याआधी चामडं झटकून कोरडं मीठ वेगळं काढणं हा साधा उपाय आहे. बोअरचं जड पाणी मऊ करणारं यंत्र घरी असेल, तर त्याचं खारं पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नये, असं आमचं मत आहे.

न शुद्ध झालेला अमोनिया जमिनीत नायट्रेट होऊन विहिरीत उतरू शकतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असेल तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ निळे पडतात. आणि असं पाणी उकळून उपयोग नाही: वाफ जाते, नायट्रेट मागे राहतं, उलट अधिक दाट होतं. विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, बाळंतिणीच्या घरी तर आधी.